टाकी रिकामी, पण खाली उतरायचं नाही!

बाईकचा काटा लाल रेषेवर आला की तुम्ही काय करता? धावड्याच्या आसपास असाल तर पंपाकडे वळता. पंप लांब असेल तर कुणाच्या तरी दुकानात बाटलीतलं पेट्रोल मिळतंय का ते बघता. नाहीच मिळालं तर गाडी ढकलत नेता, मित्रांच्या शिव्या खाता, विषय संपतो. हेलिकॉप्टर ढकलता येत नाही.

आता एक छोटा हिशेब करा. नकाशावर पट्टी ठेवून मुंबई ते भोकरदन तालुक्यातलं धावडा हे सरळ अंतर मोजलं, तर ते साधारण पावणेचारशे किलोमीटर भरतं. मध्यम आकाराचं लष्करी हेलिकॉप्टर एका टाकीत ढोबळमानानं पाचशे-सहाशे किलोमीटर जातं. म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराकडे पुरात कुणी अडकलं, तर मुंबईहून हेलिकॉप्टर येईल, माणसांना उचलेल, पण तेवढ्याच तेलात परत जाऊ शकणार नाही. वाटेत उतरून टाकी भरावी लागेल. आपल्याकडे संभाजीनगर आहे, नाशिक आहे, अडत नाही. पण खाली समुद्र असेल तर? किंवा शत्रूचा मुलूख असेल तर?

त्यावर जगातल्या मोजक्या सैन्यदलांनी काढलेला उपाय ऐकायला सोपा वाटतो. एक विमान पुढे उडतं, त्याच्या पंखातून नळी बाहेर येते, मागून हेलिकॉप्टर येऊन त्या नळीला तोंड लावतं आणि उडता उडता तेल पितं. ही नळी आणि तिच्या टोकाची टोपली ज्याच्या कंपनीतून आली, त्या माणसाची ही गोष्ट आहे. नाव ॲलन कॉबम. तो हेलिकॉप्टरवाला नव्हताच. आणि ज्या उड्डाणात त्यानं हवेत तेल भरण्याचा सगळ्यात मोठा डाव लावला, त्याचं शेवटचं ठिकाण होतं भारत.

कॉबमचा जन्म लंडनच्या कॅम्बरवेल भागात ६ मे १८९४ चा. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो सैन्यात गेला, पण विमानात नाही, पशुवैद्यक दलात. फ्रान्सच्या आघाडीवर जखमी घोड्यांची देखभाल करायचं काम. तिथून खटपट करून तो युद्धाच्या शेवटी शेवटी हवाई दलात शिरला, शिकला आणि शिकवायलाही लागला. युद्ध संपलं आणि हजारो वैमानिकांसारखा तोही बेकार झाला. मग १९१९ मध्ये त्यानं जे केलं ते आपल्या जत्रेतल्या पाळणेवाल्यासारखं होतं. गावोगाव विमान न्यायचं, एखाद्या सपाट शेतात उतरायचं आणि पैसे घेऊन लोकांना आकाशात एक चक्कर मारून आणायचं. डिग्री हातात आहे पण नोकरी नाही, अशा टप्प्यावर असलेल्यांनी हा भाग जरा नीट वाचावा.

पुढे डी हॅविलँड कंपनीसाठी उडताना त्याचं नाव झालं. १९२४-२५ मध्ये हवाई वाहतूक खात्याचे प्रमुख सेफ्टन ब्रँकर यांना घेऊन तो लंडनहून भारतमार्गे रंगूनपर्यंत जाऊन आला. मग केपटाउन. मग १९२६ मध्ये ऑस्ट्रेलिया. या ऑस्ट्रेलियाच्या प्रवासात बगदादहून बसऱ्याकडे जाताना धुळीचं वादळ लागलं म्हणून त्यानं विमान अगदी खाली घेतलं, आणि जमिनीवरून कुणीतरी गोळी झाडली. ती त्याचा इंजिनीअर आर्थर एलियट याला लागली. एलियट बसऱ्यात मरण पावला. कॉबम तिथूनच परत फिरायच्या विचारात होता. पण तो पुढे गेला, ऑस्ट्रेलिया गाठलं आणि १ ऑक्टोबर १९२६ ला लंडनमध्ये संसद भवनासमोर थेट थेम्स नदीत विमान उतरवलं. त्याच वर्षी तो सर ॲलन झाला. किनाऱ्यावर प्रचंड गर्दी होती, पण ज्याच्याबरोबर निघाला तो माणूस सोबत नव्हता.

या सगळ्या प्रवासांत एक गोष्ट त्याच्या डोक्यात बसली. जितक्या वेळा उतरायचं, तितक्या वेळा धोका. उतरायचं कशासाठी? बहुतेक वेळा तेलासाठी. शिवाय विमानाला सगळ्यात जास्त ताकद लागते ती जमिनीवरून उठताना. टाकी भरून जड झालेलं विमान उठतच नाही, पण तेच एकदा हवेत गेलं की जास्त वजन सहज वाहून नेऊ शकतं. मग हलकं उठावं आणि तेल वर गेल्यावर घ्यावं, असा साधा विचार. हवेत तेल भरण्याचा प्रयोग अमेरिकेत १९२३ मध्येच झाला होता, त्यामुळे मूळ कल्पना कॉबमची नाही. त्यानं तिच्यामागे आयुष्य लावलं, हा फरक.

२२ सप्टेंबर १९३४. चाळिशीतला कॉबम आणि सोबतीला विल्यम हेल्मोर, विमान छोटंसं एअरस्पीड कुरियर. इंग्लंडच्या पोर्ट्समथहून निघायचं आणि मध्ये कुठेही न उतरता कराचीला, म्हणजे तेव्हाच्या भारतात पोचायचं. वाटेत टँकर विमानं वरून नळी सोडणार आणि कुरियरमधल्या माणसानं ती हातानं पकडून टाकीला लावायची. हो, हातानं. पहिलं तेल इंग्लंडजवळ भरलं, दुसरं माल्टाजवळ. आणि मग तेल नाही, नळी नाही, तर इंजिनाच्या थ्रॉटलची जोडणी निखळली. इंजिन ऐकेना. चाकं आत ठेवूनच माल्टाच्या धावपट्टीवर विमान पोटावर उतरवावं लागलं. प्रवास तिथेच संपला.

त्याहून वाईट पुढे होतं. इंग्लंडजवळ ज्या विमानानं त्याला पहिलं तेल दिलं होतं, ते काम संपवून परतताना त्याच दिवशी कोसळलं. शेपटीकडचा एक बोल्ट तुटला होता. आतले चौघेही गेले. हवेत तेल भरण्याच्या पद्धतीचा यात दोष नव्हता, पण चार घरांत त्याचा काय उपयोग?

महिनाभरात कॉबमनं कंपनी काढली, नाव फ्लाइट रिफ्युएलिंग लिमिटेड. आपण असतो तर काढली असती का, हा प्रश्न मी स्वतःला विचारून बघितला. उत्तर छापण्यासारखं नाही.

पुढची पंधरा वर्षं म्हणजे चढ-उतारांचा तक्ता आहे. तारेनं तार पकडायची, तिच्यासोबत नळी ओढून घ्यायची आणि मग तेल सोडायचं, अशी पद्धत कंपनीनं बसवली. १९३९ मध्ये अटलांटिकपार टपाल नेणाऱ्या उडत्या बोटींना या पद्धतीनं तेल दिलं गेलं, तोवर युद्ध सुरू झालं आणि ते बंद पडलं. युद्धाच्या शेवटी जपानवर जाणाऱ्या बॉम्बर विमानांसाठी मोठं काम आलं, तेही रद्द झालं. मग १९४८ मध्ये अमेरिकेनं ही साधनं विकत घेतली आणि मार्च १९४९ मध्ये लकी लेडी-२ हे अमेरिकन बॉम्बर ९४ तासांत, एकदाही न उतरता, पृथ्वीला फेरी मारून आलं.

अमेरिकनांनी लगेच पुढची मागणी केली. बॉम्बरमध्ये नळी ओढायला माणसं असतात, फायटर विमानात एकटा वैमानिक असतो, त्याचं काय? यावर कॉबमच्या माणसांनी काही महिन्यांत जो जुगाड केला, तोच आज जगभर वापरात आहे. त्यांनी नळीच्या टोकाला बॅडमिंटनच्या फुलासारखी उघडी टोपली लावली. तिला ड्रोग म्हणतात. वाऱ्यामुळे ती स्थिर राहते. आणि तेल घेणाऱ्या विमानाच्या नाकावर एक ताठ नळकांडं बसवलं, ते प्रोब. वैमानिकानं फक्त नळकांडं टोपलीत घालायचं. पकडणं नाही, ओढणं नाही, दुसरा माणूस नाही. ७ ऑगस्ट १९४९ ला एक मीटिऑर जेट या पद्धतीनं बारा तासांहून जास्त वेळ हवेत राहिलं.

हेलिकॉप्टरची पाळी यायला आणखी सोळा-सतरा वर्षं गेली. व्हिएतनाम युद्धात पडलेल्या वैमानिकांना उचलायला हेलिकॉप्टरं जायची, पण लांबवर पोचायची नाहीत. विमानांना तेल द्यायची दुसरी पद्धत अमेरिकेकडे होती. टँकरच्या शेपटीखाली एक कडक दांडा असतो, टँकरमधला माणूस तो हलवून मागच्या विमानात खुपसतो. पण त्यासाठी मागच्यानं टँकरच्या पोटाखाली खेटून उडावं लागतं. हेलिकॉप्टरच्या डोक्यावर तर पातं फिरतंय! उरली ती कॉबमची टोपली. डिसेंबर १९६५ मध्ये पहिल्यांदा हेलिकॉप्टरचं नळकांडं टोपलीत नुसतं घालून बघितलं आणि वर्षभरात तेलही वाहायला लागलं.

ते घडतं कसं, ते आता बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. पहिली अडचण वेगाची. टँकर म्हणजे हर्क्युलससारखं चार पंख्यांचं मोठं विमान. ते फार हळू उडालं तर पडेल. हेलिकॉप्टर फार जोरात उडूच शकत नाही. दोघांची गाठ पडते ती ताशी दोनशे किलोमीटरच्या थोडं पुढे-मागे. पंखांचे फ्लॅप खाली सोडून टँकर रेंगाळत असतो आणि हेलिकॉप्टर जवळजवळ पूर्ण ताकदीनं पळत असतं. जागा, वेळ आणि उंची आधीच ठरलेली असते. सहसा टँकर मागून येतो, हेलिकॉप्टरला ओलांडून पुढे जातो आणि पंखाखालच्या डब्यातून पंचवीसेक मीटर नळी सोडतो. वेग कमी म्हणजे वाऱ्याचा जोर कमी, म्हणून हेलिकॉप्टरसाठीची टोपली फायटरच्या टोपलीपेक्षा मोठी असते.

हेलिकॉप्टर आपलं नळकांडं दुर्बिणीसारखं लांब करतं. त्याचं टोक फिरत्या पात्यांच्या कडेच्याही पुढे जायला हवं, नाहीतर टोपली पात्यात जाईल. मग टोपलीच्या थोडं मागे थांबायचं, स्थिर व्हायचं आणि चालण्याच्या वेगानं पुढे सरकायचं. इथे नवशिक्यांना शिकवली जाणारी गोष्ट उलटीच वाटते. टोपलीकडे टक लावून बघायचं नाही. नजर टँकरवर ठेवायची. टोपली वाऱ्यानं हलत असते, तिच्या मागे लागलात तर हेलिकॉप्टरही हलायला लागतं आणि मग दोन्ही हलतात.

टोक आत बसलं की कुलूप लागतं. थोडं पुढे जाऊन नळी आत ढकलली की तेल सुरू होतं. टँकरच्या डब्यावर दिवे असतात: पिवळा म्हणजे तयार, हिरवा म्हणजे तेल वाहतंय, लाल म्हणजे बाजूला हो. तेल घेताना हेलिकॉप्टर जरा वर आणि बाजूला सरकून राहतं, नळी पात्यांपासून दूर राहावी म्हणून. टाकी भरली की हळूहळू मागे यायचं, ओढ बसली की कुलूप सुटतं आणि झडप बंद होते. सगळा खेळ काही मिनिटांचा. रात्री तो नाइट व्हिजन चष्मे लावून, दिवे जवळजवळ विझवून, रेडिओवर न बोलता करायचा असतो. आणि त्या मिनिटांत दांडी घाबरून जोरात हलवली तर पात्यांची चकती पुढे झुकू शकते. स्वतःच्याच पात्यांनी स्वतःचं नळकांडं छाटल्याचे अपघात खरंच झालेले आहेत.

१ जून १९६७ ला दोन अमेरिकन हेलिकॉप्टरं न्यूयॉर्कहून न थांबता पॅरिसला पोचली. ३० तास ४६ मिनिटं, वाटेत नऊ वेळा हवेत तेल. कॉबम तेव्हा ७३ वर्षांचा होता. २१ ऑक्टोबर १९७३ ला तो गेला.

ज्या प्रवासात तो माल्टाला अडकला, तसा प्रवास पुढे आपल्या हवाई दलानं केला. ४ नोव्हेंबर २०२० ला तीन राफेल विमानं फ्रान्सहून निघून एकदाही न उतरता, तीनदा हवेत तेल घेऊन जामनगरला उतरली. तेल घेतलं ते प्रोब आणि टोपलीनंच. आपल्या हेलिकॉप्टरांना मात्र विमानातून तेल घ्यायची सोय नाही. आपल्या टँकर विमानांचा वेगच त्यांना झेपणार नाही.

पण समुद्रावर नौदलांनी एक वेगळी युक्ती काढलेली आहे. मुंबईत कुलाब्याला आयएनएस शिक्रा हा नौदलाचा हेलिकॉप्टर तळ आहे, सी किंगचं घर. सी किंगसारख्या हेलिकॉप्टरांसाठी ही युक्ती आहे. जहाजाचं डेक लहान असेल किंवा लाटांमुळे डोलत असेल आणि उतरणं शक्य नसेल, तर हेलिकॉप्टर जहाजाशेजारी हवेत एका जागी थांबतं आणि माणसं उचलायची दोरी खाली सोडतं. डेकवरचे खलाशी दोरीच्या हुकाला नळी अडकवतात, वर आतला माणूस ती ओढून टाकीला जोडतो आणि जहाजावरचा पंप सुरू होतो. जवळपास १९३४ च्या कुरियरसारखंच, हातानं. फक्त इथे नळी खालून वर जाते.