तार न उलगडता लांबी सांगणारा मास्तर : जॉर्ज ओहम

भाटघर (ता. भोर) : भाटघर धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे. तिथली वीज तारेवरूनच बाहेर पडते, आणि तार जेवढी लांब तेवढा विजेला अडथळा जास्त. डीपीपासून लांब, नदीकाठी मोटर बसवलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं शिकवायला लागत नाही. टोकाला व्होल्टेज पडतं, मोटर तापते. हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो जॉर्ज सायमन ओहम या जर्मन शाळामास्तराने, आजचं भाटघर धरण पुरं होण्याच्या जवळपास शंभर वर्षं आधी.

ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ चा, एर्लांगेन गावातला. वडील कुलपं बनवायचे. शाळा फारशी झालेली नव्हती, पण स्वतः वाचून शिकले आणि पोरांना गणित घरीच शिकवलं. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. पुढे विद्यापीठात गेल्यावर पोरगं नाच, बिलियर्ड आणि बर्फावरच्या घसरगुंडीत रमलं. वडील भडकले, शिक्षण थांबलं, आणि त्याला स्वित्झर्लंडमध्ये मास्तरकी करावी लागली. १८११ मध्ये परत येऊन त्याने डॉक्टरेट मिळवली.

१८१७ पासून तो कोलोनच्या शाळेत शिकवायचा. तिथे प्रयोगाचं सामान बरं होतं, आणि बापाकडून शिकलेलं हातकाम आता कामाला आलं. एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा त्याने घेतल्या. सगळ्यात छोटी २ इंचांची, सगळ्यात लांब १३० इंचांची. एकेक तार जोडायची आणि टांगलेली चुंबकाची सुई किती वळते ते पाहायचं.

पहिला डाव फसला. त्या काळच्या बॅटरीचा जोर सारखा कमीजास्त व्हायचा. त्यामुळे १८२५ मध्ये त्याने छापलेलं सूत्र चुकीचं निघालं. मग त्याने बॅटरीच बाजूला ठेवली. तांबं आणि बिस्मथ या दोन धातूंचे सांधे करून एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात ठेवला. त्यातून एकसारखी वीज मिळाली आणि १८२६ मध्ये गणित जुळलं. तार दुप्पट लांब, तर तिचा रोध दुप्पट. तार दुप्पट जाड, म्हणजे कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ दुप्पट, तर रोध निम्मा. शिवाय प्रत्येक धातूचा रोध वेगळा.

हेच उलटं फिरवलं की लांबी निघते. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०१७२ ओहम. अर्धवट वापरलेल्या बंडलची दोन्ही टोकं मीटरला लावली आणि १.२ ओहम आलं, तर १.२ भागिले ०.०१७२, म्हणजे सुमारे ७० मीटर तार शिल्लक. बंडल उलगडायची गरज नाही. मात्र मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध वजा करायचा, आणि तार कुठेही जोडलेली नसावी. जमिनीत पुरलेल्या केबलच्या दोन तारा मध्येच एकमेकींना चिकटल्या, तर ती जागाही याच हिशेबाने शोधतात. तिथे आलेली लांबी निम्मी करायची, कारण वीज जाऊन परत येते.

१८२७ मध्ये ओहमचं पुस्तक निघालं. त्याला विद्यापीठात जागा मिळेल अशी आशा होती, त्यासाठी अर्ध्या पगारावर रजा काढून तो बर्लिनला गेला होता. जागा मिळाली नाहीच. जर्मनीतल्या बऱ्याच जाणत्यांना विजेत एवढं गणित नको होतं. त्याने कोलोनची नोकरीही सोडली आणि काही वर्षं बर्लिनमध्ये किरकोळ शिकवण्यांवर काढली. चूक त्याच्या हिशेबात नव्हती, तरी चटके त्यालाच बसले. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला बरी नोकरी मिळाली. मोठा मान मिळाला तो परदेशातून. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिलं.

ज्या प्राध्यापकाच्या खुर्चीसाठी आयुष्य गेलं, ती म्युनिकमध्ये १८५२ साली मिळाली. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ ला तो वारला. लग्न केलेलं नव्हतं. १८८१ मध्ये पॅरिसला देशोदेशीचे वीजतज्ज्ञ जमले आणि रोधाच्या मापाला ओहम हे नाव कायम झालं. वायरमनच्या मीटरवर घोड्याच्या नालेसारखी जी खूण असते, ती त्याच मापाची.