चाळिशीनंतर उघडलेली प्रयोगशाळा

आपल्याला उशीर तर झाला नाही ना? कॉलेजात ही धाकधूक बहुतेकांना असते. मग विल्यम हेन्री ब्रॅग यांची गोष्ट वाचाच. त्यांनी पहिलं मोठं संशोधन हाती घेतलं तेव्हा चाळिशी उलटली होती.

१८६२ साली इंग्लंडमधल्या एका शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली. केंब्रिजला गणितात चमकले आणि विशीतच ऑस्ट्रेलियात अॅडलेड विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. गंमत म्हणजे भौतिकशास्त्र त्यांना जेमतेमच येत होतं! बोटीच्या प्रवासात पुस्तकं वाचून त्यांनी तयारी केली. प्रयोगाची उपकरणं नव्हती, तर कारागिराकडे शिकून स्वतः बनवली. पुढची अठरा वर्षं गेली ती शिकवण्यात.

१९०४ मध्ये एका भाषणाची तयारी करताना त्यांना एक शंका आली. रेडियममधून निघणारा अल्फा कण इलेक्ट्रॉनपेक्षा हजारो पट जड. मग तो वाटेत इकडेतिकडे का भरकटेल? तो जवळपास सरळच जाणार, अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवत ऊर्जा खर्च करणार आणि ती संपली की थांबणार. रिचर्ड क्लीमन या तरुण सहकाऱ्यासोबत त्यांनी मोजमाप केलं आणि अंदाज खरा ठरला. रेडियमच्या नमुन्यातले सर्वात वेगवान अल्फा कणसुद्धा हवेत सुमारे ७ सेंटिमीटरवर थांबत होते. शिवाय सर्वाधिक ऊर्जा ते थांबण्याच्या जरा आधी सोडत होते. कारण साधं आहे: वेग मंदावला की प्रत्येक अणूजवळ कण जास्त वेळ रेंगाळतो. ऊर्जेच्या आलेखातल्या या टोकाला आज ‘ब्रॅग शिखर’ म्हणतात.

पुढे ते इंग्लंडला परतले. क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना उलगडल्याबद्दल १९१५ चं नोबेल त्यांना आणि २५ वर्षांच्या लॉरेन्सला, म्हणजे त्यांच्या मुलाला, मिळून मिळालं. त्याच वर्षी धाकटा मुलगा रॉबर्ट गॅलिपोलीच्या युद्धात गेला.

ब्रॅग १९४२ मध्ये वारले. चारच वर्षांनी रॉबर्ट विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने सुचवलं, की हे शिखर नेमकं कॅन्सरच्या गाठीवर आणता येईल. प्रोटॉन गाठीतच थांबले, तर पलीकडचे निरोगी अवयव वाचतील. आज नवी मुंबईत खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरमध्ये, याच तत्त्वावर उपचार होतात.

चाळिशीनंतर विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर आजही कुणाचा तरी जीव वाचवतंय. तेव्हा उशिराचं टेन्शन जरा कमी घ्या.