पडद्यामागचा प्राध्यापक

पाठीमागे भले मोठे पोट असलेला टीव्ही आपल्या बहुतेक घरांतून केव्हाच गेला. कुणी तो भंगारात दिला, कुणी माळ्यावर टाकला. त्या पोटात काचेची पिक्चर ट्यूब असे. ती गेली की मेकॅनिक मान हलवून सांगायचा, आता खर्चात पडण्यात अर्थ नाही. ही ट्यूब मुळात कुणाच्या डोक्यातून निघाली, हे मात्र आपण त्याला कधी विचारले नाही. मार्कोनी शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. त्याच्यासोबत नोबेल पारितोषिक वाटून घेणारे कार्ल फर्डिनांड ब्राऊन मात्र पडद्यामागेच राहिले.

जगात एक हौशी जमात अजूनही या ट्यूबवर जीव टाकते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणे टाकून खेळायची उंच लाकडी कपाटे असत. ती कपाटे हे लोक जपतात आणि त्यांचे बिघडलेले पडदे दुरुस्त करतात. तो खेळ आजच्या सपाट पडद्यावरही चालतो. पण ती चित्रे काचेच्या ट्यूबसाठी बेतलेली होती. तिचा मऊ उजाळा सपाट पडद्याला येत नाही. कपाटाचे मागचे दार उघडून बसलेला हा कारागीर, त्याला माहीत असो वा नसो, ब्राऊन यांच्याच टेबलाशी बसलेला असतो.

ब्राऊन यांचा जन्म ६ जून १८५० चा, जर्मनीतल्या फुल्डा गावचा. वडील न्यायालयात नोकरीला, म्हणजे घर मध्यमवर्गीय. मारबुर्ग आणि बर्लिन येथे शिकून १८७२ मध्ये त्यांनी तारांच्या कंपनांवर डॉक्टरेट मिळवली. पण विद्यापीठात लगेच जागा कुठली मिळायला? लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेत ते मास्तर झाले. तिथे असताना त्यांनी मुलांसाठी गणिताची आणि निसर्गविज्ञानाची ओळख करून देणारे एक पुस्तकही लिहिले. शाळा सांभाळून उरलेल्या वेळात त्यांचे प्रयोग चालत.

१८७४ मध्ये त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. गॅलेनासारख्या खनिजाच्या स्फटिकाला धातूचे टोक टेकवले, तर वीज एका दिशेने सहज जाते आणि उलट दिशेने अडते. त्या काळी याचा कुणाला उपयोग दिसेना. पुढे बिनतारी संदेश पकडण्यासाठी हाच गुण कामी आला. आपल्या जगदीशचंद्र बोस यांना १९०४ मध्ये अमेरिकेत जे पेटंट मिळाले, त्यातही गॅलेनाच होते. गंमत अशी की ब्राऊन यांना हा शोध लागला, त्याच वर्षी मार्कोनीचा जन्म झाला.

त्यानंतर मारबुर्ग, स्ट्रासबुर्ग, कार्ल्सरूह, ट्यूबिंगेन अशी प्राध्यापकाची फिरती झाली. १८८५ मध्ये अमेली ब्यूलर यांच्याशी विवाह झाला. दोन मुलगे, दोन मुली असा संसार फुलला. १८९५ मध्ये ते स्ट्रासबुर्गला भौतिकशास्त्र संस्थेचे संचालक म्हणून परतले.

गावोगाव तेव्हा वीजकेंद्रे उभी राहत होती. तारेतली वीज सेकंदात कित्येकदा दिशा पालटते, हे गणिताने कळत होते. पण ते डोळ्यांनी कसे बघायचे? ब्राऊन यांनी बॉनच्या फ्रांझ म्यूलर या काच-कारागिराकडून एक लांब मानेची नळी करून घेतली. आतली हवा काढलेली, मधोमध बारीक छिद्राचा आडपडदा आणि टोकाला चमकणारा लेप दिलेला अभ्रकाचा पडदा. ऋणाग्रातून निघालेले किरण छिद्रातून बारीक होऊन पडद्यावर हिरवट ठिपका उमटवत. नळीच्या मानेशी तारेचे वेटोळे ठेवून त्यात वीज सोडली की तो ठिपका वरखाली नाचे. १८९७ च्या फेब्रुवारीत त्यांनी हे सारे निबंधात मांडले. हे किरण म्हणजे इलेक्ट्रॉन, हे जे. जे. थॉमसन यांनी जाहीर केले त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. म्हणजे ज्याला लगाम घातला ते काय आहे हे कळण्याआधीच ब्राऊन यांनी लगाम घातला होता.

ठिपका वेगाने वरखाली गेला की पडद्यावर नुसती उभी रेघ दिसे. ती रेघ लाटेसारखी पसरवायला ब्राऊन यांनी फिरता आरसा वापरला. पुढे १८९९ मध्ये त्यांचे सहायक योनाथन झेनेक यांनी दुसऱ्या दिशेचे ओढकामही विजेकडूनच करून घेतले. उभी आणि आडवी अशा दोन ओढींवरच पुढे सारा टेलिव्हिजन उभा राहिला.

गेमचा पडदा दुरुस्त करणाऱ्याला ही रेघ चांगली ओळखीची असते. आत वर्षानुवर्षे तापून कंडेन्सर वाळतात, सोल्डरिंग सुटते. एका ओढीचे सर्किट बंद पडले की अख्खे चित्र मिटून एकच झगझगीत रेघ उरते. १९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्ये पडदा उभा बसवलेला असल्यामुळे ही रेघही उभी दिसते. जणू यंत्र एका बिघाडासरशी १८९७ च्या स्ट्रासबुर्गला परत जाते. मग कारागीर प्लग काढतो. तरीही घाई करत नाही, कारण काचेची ट्यूब स्वतःच कंडेन्सरसारखी हजारो व्होल्ट साठवून ठेवू शकते. आधी धातूच्या चौकटीला तार जोडून तो साठा रिकामा करायचा, मगच आत हात घालायचा. हे काम जाणत्या हातांचेच. कंडेन्सर बदलता येतात, सोल्डरिंग पुन्हा करता येते. पण चक्रव्यूहाची जी आकृती वर्षानुवर्षे एकाच जागी उजळून लेपात भाजली गेली, ती पुसता येत नाही. नवी ट्यूब मिळणेही दुरापास्त, म्हणून एखाद्या जुन्या टीव्हीची ट्यूब काढून जुळवावी लागते.

जन्म बँकेत गेल्यामुळे मालकी, तारण, हक्क या शब्दांशी माझे लक्ष अडखळते. या नळीवर ब्राऊन यांनी पेटंट घेतलेच नाही. ज्याला हवी त्याने बनवावी, सुधारावी. बिनतारी संदेशाचे मात्र तसे झाले नाही. मार्कोनीच्या यंत्रात ठिणगी थेट एरियलच्या मंडलात पडे, त्यामुळे शक्ती वाढवण्याला मर्यादा येई. ब्राऊन यांनी ठिणगीचे मंडल वेगळे काढून ते एरियलशी वेटोळ्यांच्या साहाय्याने जोडले. १८९९ मध्ये त्याचे पेटंट झाले. १९०० मध्ये कुक्सहाफेन ते हेलिगोलँड असा ६२ किलोमीटर समुद्र संदेशाने ओलांडला. १९०९ चे नोबेल मार्कोनीबरोबर मिळाले, तेही याच कामासाठी. एकोणसाठ वर्षांचे प्राध्यापक आणि पस्तिशीतला उद्योजक एकाच व्यासपीठावर आले.

पण कंपन्यांचे भांडण मिटले नाही. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर सेव्हिल येथे जर्मन कंपनीचे बिनतारी केंद्र होते. त्यावर मार्कोनी कंपनीने पेटंटचा दावा लावला. महायुद्ध पेटलेले, प्रकृती ढासळलेली, वय चौसष्ट. तरी डिसेंबर १९१४ मध्ये ब्राऊन साक्षीसाठी बोटीने निघाले. परतीची वाट ब्रिटिश नाकेबंदीने बंद झाली. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि नोबेलविजेता शत्रूराष्ट्राचा नागरिक ठरला. ब्रुकलिनमध्ये मुलाच्या आश्रयाने, प्रयोगशाळेविना दिवस गेले. २० एप्रिल १९१८ रोजी तिथेच त्यांनी डोळे मिटले. काही महिन्यांत युद्ध संपले आणि त्यांचे स्ट्रासबुर्ग फ्रान्सकडे गेले. रक्षा फुल्डाला पोहोचायला १९२१ उजाडले.

ज्या पेटंटापायी हा माणूस परमुलखात अडकला, ते ठिणगीचे तंत्र काही वर्षांतच मागे पडले. जी नळी त्यांनी मोकळी सोडली, तिच्यावर सेंट पीटर्सबर्गच्या बोरिस रोझिंग यांनी १९०७ मध्येच दूरचित्राची कल्पना बसवली होती. मुंबईत दूरदर्शन आले २ ऑक्टोबर १९७२ ला. त्याच वर्षी अमेरिकेत नाणे टाकून खेळायचा ‘पाँग’ आला, तोही साध्या टीव्हीच्या ट्यूबवर. त्याआधी ऑक्टोबर १९५८ मध्ये ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोपवर, म्हणजे ब्राऊन यांच्याच नळीवर, टेनिसचा खेळ मांडला. बघ्यांची रांग लागली. हिगिनबॉथम यांनीही त्या खेळाचे पेटंट घेतले नाही.

ब्रुकहेवनही लाँग आयलंडवरच आहे. त्याच बेटाच्या पश्चिम टोकाला ब्रुकलिन आहे, जिथे ब्राऊन परतीच्या बोटीची वाट पाहत राहिले. जपानी माणूस या ट्यूबला ‘ब्राऊन-कान’, म्हणजे ब्राऊनची नळी, असेच म्हणतो. जर्मन भाषेतही तिला तेच नाव आहे. आपल्याकडे ती नुसती पिक्चर ट्यूब राहिली. माळ्यावर एखादा जुना टीव्ही अजून पडून असेल, तर तो भंगारात देण्याआधी घरातल्या मुलांना निदान हे नाव तरी सांगावे.