हाती फक्त लाठी होती

दरवर्षी २६ नोव्हेंबरला आपल्या कॉलेजात दोन गोष्टी होतात. संविधान दिन म्हणून आपण उद्देशिका वाचतो आणि मग मुंबईच्या हुतात्म्यांसाठी दोन मिनिटे उभे राहतो. समोर टेबलावर हार घातलेले फोटो असतात. २००८ सालच्या त्या रात्री मी दोन वर्षांचा होतो, त्यामुळे मला आठवत काहीच नाही. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणूनच असेल, माझी नजर मोठ्या हुद्द्यांच्या फोटोंवरून सरकते आणि एका सहायक फौजदारापाशी थांबते. ते तुकाराम ओंबळे.

सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यातले केडंबे हे त्यांचे गाव. जन्म १९५४ चा. त्या डोंगराळ मुलखातली मुले एक तर पलटणीत जातात, नाही तर मुंबईची वाट धरतात. ओंबळ्यांनी दोन्ही वाटा तुडविल्या. लष्कराच्या सिग्नल विभागातून नाईक म्हणून निवृत्त झाल्यावर १९९१ साली ते मुंबई पोलिसांत साधे शिपाई म्हणून भरती झाले. तेव्हा ते सदतिशीच्या घरात होते. ज्या वयात माणसे स्थिरावतात, त्या वयात त्यांनी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. घरी पत्नी व चार मुली होत्या. सतरा वर्षांच्या नोकरीनंतर ते डी. बी. मार्ग ठाण्यात सहायक फौजदार होते.

पनवेलहून लोकलने आपण ज्या स्टेशनात उतरतो, त्याच छत्रपती शिवाजी टर्मिनसवर त्या रात्री दोघा अतिरेक्यांनी बेछूट गोळीबार केला. पुढे कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर धारातीर्थी पडले. मग ते दोघे एक मोटार पळवून गिरगाव चौपाटीकडे निघाले. तेथे पोलिसांनी नाकाबंदी केली होती. मध्यरात्र उलटून गेली होती. मोटार अडली, चकमक झाली, एक जण मारला गेला. दुसऱ्याच्या, म्हणजे अजमल कसाबच्या हाती रायफल होती. ओंबळ्यांच्या हाती फक्त लाठी. ते पुढे धावले आणि त्यांनी रायफलीची नळीच दोन्ही हातांनी धरली. गोळ्या त्यांच्या शरीरात शिरल्या, तरी पकड सुटली नाही. तेवढ्या वेळात सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले.

दहा हल्लेखोरांपैकी जिवंत हाती लागलेला तो एकटाच. त्याच्याजवळ हैदराबादच्या एका कॉलेजचे खोटे ओळखपत्र होते, त्यावर हिंदू नाव होते. तोही मेला असता, तर त्या ओळखपत्राने किती घरांवर, किती विद्यार्थ्यांवर संशयाची सावली पडली असती! तो जिवंत राहिला म्हणून कट कोठे शिजला ते उघड झाले. २००९ च्या जानेवारीत पाकिस्तानलाही तो आपला नागरिक असल्याचे मान्य करावे लागले. त्याच्यावर रीतसर खटला चालला, त्याला वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले, आणि मगच २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. सकाळी आपण उद्देशिकेत न्याय हा शब्द वाचतो. तो शब्द खरा करण्यासाठी एका माणसाने प्राण दिले.

२००९ च्या प्रजासत्ताक दिनी ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. गिरगाव चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीलाही संशोधकांनी त्यांचे नाव दिले.

पण मला वाटते, त्यांचे खरे स्मारक आपल्या गळ्यात आहे. कॉलेजच्या फाटकावर रोज आपण जे ओळखपत्र कंटाळून दाखवतो, त्याचा खरेपणा त्या रात्री पणाला लागला होता. तो राखणाऱ्या माणसाकडे ना मोठी पदवी होती, ना मोठा हुद्दा. यंदा त्या दोन मिनिटांत मान खाली घालताना एवढे तरी आपल्याला आठवावे.

(द्वितीय वर्ष कला)