इरावतीबाई कर्वे आणि नात्यांचा नकाशा

महाराष्ट्राबाहेर संसार थाटलेल्या आपणां मंडळींना एक अनुभव कधी ना कधी येतोच. उत्तरेकडील शेजाऱ्यांशी घरोबा वाढतो, बोलता बोलता लग्नकार्याचा विषय निघतो आणि आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालते, हे ऐकून समोरचे सद्गृहस्थ अवाक् होतात. त्यांच्या लेखी मामेबहीण ही सख्खी बहीणच. पुढे बदली दक्षिणेत झाली की आश्चर्य करण्याची पाळी आपली येते, कारण तेथे काही समाजांत प्रत्यक्ष मामाशीच भाचीचा विवाह होतो. या दोन आश्चर्यांच्या मधोमध महाराष्ट्र उभा आहे. अशा चालीरीतींतून स्त्रीचे घरातील स्थान कसे ठरते आणि जातीजातींमधील भिंती कशा उभ्या राहतात, याचा शोध ज्यांनी आयुष्यभर घेतला त्या डॉ. इरावतीबाई कर्वे यांचे स्मरण मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात करावेसे वाटते. त्यांचा जन्मही महाराष्ट्राबाहेरचाच.

१५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, मिंजान या गावी त्यांचा जन्म झाला. वडील गणेश हरि करमरकर तेथे एका कापूस कंपनीत नोकरीस होते. त्या देशाची जीवनवाहिनी असलेल्या नदीचे नाव मुलीला मिळाले. सातव्या वर्षी तिला पुण्यास हुजूरपागेच्या वसतिगृहात ठेवण्यात आले. तेथे शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री जमली आणि त्या मैत्रीतून रँग्लर परांजप्यांच्या घराचे दार तिला उघडले. ग्रंथांनी आणि निर्भीड चर्चेने भरलेल्या त्या घरात ती मुलीसारखी वाढली. जिवलग माणसे समुद्रापलीकडे आणि आपण परक्या घरी, अशा स्थितीत वाढलेल्या मुलीने पुढे नातेसंबंध हाच अभ्यासाचा विषय निवडावा, यात काही सूत्र असेल काय? असेलही, फार ताणू नये.

फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. मुंबईत प्रा. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून १९२८ मध्ये त्यांनी एम. ए. पूर्ण केले. या सुमारास त्यांचा विवाह महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे यांच्याशी झाला होता. स्त्रीशिक्षणासाठी सारे आयुष्य वेचणाऱ्या महर्षींना सुनेने परदेशी शिकायला जाणे मात्र पसंत नव्हते. दिनकररावांनी पत्नीच्या बाजूने कौल दिला, पैशांची जुळवाजुळव झाली आणि १९२८ मध्ये इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

बर्लिनमधील ही दोन वर्षे त्यांच्या चरित्रात मोलाची आहेत. कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. वंशांची श्रेष्ठ-कनिष्ठता शरीराच्या मोजमापातून सिद्ध करता येते, अशी श्रद्धा त्या काळी युरोपातील अनेक विद्वानांच्या मनात ठाण मांडून बसली होती आणि फिशर त्यांतले अग्रणी होते. युरोपीय माणसाच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू अधिक असमान असते व ही असमानता त्याच्या बुद्धिसामर्थ्याची खूण आहे, अशी एक कल्पना मांडली जात होती. ती तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. युरोपातील आणि इतर खंडांतील कवट्या समोर ठेवून त्यांनी शांतपणे मोजमापे घेतली. आकडे पाहता वंशाचा आणि त्या असमानतेचा काही संबंध दिसेना. वसाहतीतून आलेल्या, वयाने पंचविशीच्याही आत असलेल्या एका स्त्रीने आपल्या बलाढ्य गुरूच्या समजुतीविरुद्ध जाणारा निष्कर्ष प्रबंधात जसाच्या तसा लिहिला. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये हेच फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले आणि त्या विचारसरणीची परिणती कोठे झाली, हे जगाने पाहिले.

कवटीत जर उच्चनीचता सापडत नसेल तर ती येते कोठून? इरावतीबाईंनी हा प्रश्न याच शब्दांत कोठे मांडला असेल असे नाही. परंतु त्यांचे पुढील सारे लेखन याच प्रश्नाभोवती फिरते, असे मला वाटते.

भारतात परतल्यावर १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठात प्रशासकीय काम केले. १९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि अखेरपर्यंत तेथेच रमल्या. मोजमापाची अवजारे ट्रंकेत घालून त्या गावोगाव, रानोमाळ हिंडल्या. पुण्यात त्यांचे स्कूटरवरून फिरणे हा त्या काळी लोकांच्या चर्चेचा विषय होता. घरी पतीला त्या सरळ ‘दिनू’ म्हणून हाक मारीत, याचेही अनेकांना नवल वाटे.

१९५३ मध्ये त्यांचा भारतातील आप्तसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. आप्तसंबंधांच्या दृष्टीने त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग कल्पिले. वेदांपासून लोकगीतांपर्यंतची साधने आणि निरनिराळ्या भाषांतील नात्यांचे शब्द त्यांनी पुराव्यासाठी वापरले. शब्द हा केवढा साक्षीदार असतो! आपल्या आज्या सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणत. नवऱ्याची आई ही आत्या कशी? सून जर तिच्या भावाची मुलगी असेल, तरच. कित्येक घरांतून मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल केव्हाच गेली, पण हाक तेवढी उरली.

उत्तरेकडे मुलगी परगावी, अनोळखी कुळात दिली जाते. माहेरी ती बेटी असते, मोकळी वावरते. सासरी ती बहू होते आणि वडीलधाऱ्यांसमोर तोंडावर पदर ओढते. मुलीच्या सासरच्या गावचे पाणीही न घेणारे बाप तेथे असत, कारण मुलगी देणारा खालचा आणि घेणारा वरचा. दक्षिणेत लग्नाने जुनीच नाती पुन्हा घट्ट होतात. मुलगी आजोळीच नांदायला जाते, सासू तिला लहानपणापासून ओळखत असते, म्हणून तिथल्या सुनेच्या वागण्यात दबलेपणा कमी. स्त्री तीच, देश तोच. तिने मान वर करून चालावे की खाली घालून, हे नात्यांच्या रचनेने ठरावे, ही त्या ग्रंथातून निघणारी गोष्ट आजही विचार करायला लावते. आपला महाराष्ट्र मध्य विभागातला. म्हणून आपल्याकडे मामेबहीण चालते, आतेबहीण मात्र अनेक जातींत चालत नाही, आणि माहेर-सासर या दोन शब्दांभोवती बायकांच्या ओव्यांचे सारे जग फिरत राहते.

जातीविषयीचा त्यांचा विचार १९६१ च्या हिंदू समाजावरील इंग्रजी पुस्तकात आला. एका मूळ वर्णाची शकले होत होत जाती निर्माण झाल्या, हे घुर्यांचे मत शिष्येला पटले नाही. महाराष्ट्रातील कुंभार घ्या. व्यवसाय एक, बाहेरच्यांनी दिलेले नावही एक. पण आत डोकावले तर अनेक गट, कोणाचा कोणाशी बेटीव्यवहार नाही. निरनिराळे समूह आपापल्या चालीरीती घेऊन शेजारी शेजारी येऊन बसले आणि त्यांतून हा समाज गोधडीसारखा जोडला गेला, असे त्यांच्या विवेचनाचे सार सांगता येईल. जात म्हणजे विस्तारलेले सोयरेधायरे.

येथे थोडे थांबावेसे वाटते. गोधडीचे तुकडे शेजारी असतात, जाती मात्र एकमेकींवर रचलेल्या होत्या. कोणाला पाणवठा मोकळा आणि कोणाला बंद, हे वैविध्याच्या कौतुकाने उलगडत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्येच, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात, जातीबाहेर लग्न न करण्याचा नियम हेच जातीचे मर्म असल्याचे सांगितले होते आणि त्या नियमाचा जाच विधवांना व बालिकांना कसा भोगावा लागला हेही दाखवले होते. इरावतीबाईंच्या चित्रात जातींचे वेगळेपण ठसठशीत उमटते. वरच्याने खालच्यावर ठेवलेला पाय तितकासा दिसत नाही. शिवाय बर्लिनमध्ये हाती घेतलेली मोजपट्टी त्यांनी कधी पूर्णपणे खाली ठेवली नाही. गटागटांतील शारीरिक भेद त्या उत्तरायुष्यातही मोजत राहिल्या. हा त्यांच्या विचारातील अंतर्विरोध म्हणावा लागेल आणि त्यांच्या थोरवीला बाध न आणता तो मान्य करता येतो.

लेखिका म्हणून मात्र त्यांनी ती उणीव एका ठिकाणी भरून काढली आहे. ज्ञानोबांच्या पालखीबरोबर त्या पंढरपूरपर्यंत पायी चालत गेल्या, त्या अनुभवावरील त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांनी अवश्य मिळवून वाचावा. वाटेने ब्राह्मण आणि मराठा बायका एकत्र चालत, एकत्र गात, एकमेकींचे सुखदुःख ऐकत. मुक्कामी पोहोचल्या की पंक्ती वेगळ्या. देवाच्या वाटेवरही चूल दोन ठिकाणी पेटे, याची खंत त्यांच्या मनाला लागली. त्या स्वतः मराठ्यांच्या पंक्तीला जाऊन जेवल्या आणि त्यानंतर सोबतिणींचे वागणे अधिक मोकळे झाल्याचे त्यांना जाणवले. एका जेवणाने एवढा फरक पडावा! ज्या प्रदेशातील लोक पंढरीच्या वारीला जातात तो महाराष्ट्र, ही व्याख्याही त्यांना याच वाटेवर सुचली. जोडणारी आणि तोडणारी संस्कृती एकच, हे तेथे पायी चालता चालता त्यांनी पाहिले.

१९४९ च्या ‘परिपूर्ती’ या संग्रहातील त्याच नावाचा ललित निबंध पुष्कळांना आठवत असेल. एका समारंभात लेखिकेची ओळख कोणाची कन्या, कोणाची सून, कोणाची पत्नी अशी करून दिली जाते आणि तरी काही राहिल्यासारखे वाटते. रस्त्यात शाळकरी मुले तिला वर्गमित्राची आई म्हणून ओळखतात, तेव्हा ती उणीव भरते. काहींना त्यात मातृत्वाचे समाधान दिसते. मला त्यात समाजशास्त्रज्ञाचे मिश्किल हास्यही ऐकू येते: एवढी विदुषी, पण तिचीही ओळख नात्यांच्याच खुंट्यांवर टांगलेली.

१९६७ च्या ‘युगान्त’ला पुढील वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गांधारी, कुंती, द्रौपदी यांना देव्हाऱ्यातून काढून त्यांनी राजकुळांच्या सोयरिकींत सापडलेल्या बायका म्हणून पाहिले. खांडववनाच्या दहनावरील त्यांचे विवेचन तर अंगावर काटा आणणारे आहे. आपल्या वीरांच्या औदार्याचे नियम त्या वनात राहणाऱ्यांना लागूच नव्हते, हे त्यांनी ठणकावून सांगितले.

अखेरच्या वर्षांत त्यांनी कोयना धरणामुळे उठवल्या गेलेल्या गावकऱ्यांची पाहणी कन्या जाई निंबकर यांच्या सहकार्याने केली. तिचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठे काम उभे राहते तेव्हा विस्थापिताच्या जमिनीची किंमत मोजली जाते. त्याचे भावकी, सोयरे, शेजार यांचे जे जाळे तुटते ते कोठे मांडायचे, या काळजीपोटी हा विषय त्यांना जवळचा वाटला असावा. ११ ऑगस्ट १९७० रोजी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या ललित लेखांचा ‘गंगाजल’ हा संग्रह त्यानंतर दोन वर्षांनी वाचकांच्या हाती आला.