वनस्पतींच्या सीमा शोधणारे आघारकर

कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याने मलकापूर सोडून आंबा घाटाकडे निघाले की झाडी दाट होत जाते. दक्षिणेतील सदाहरित जंगलांतल्या अनेक वनस्पती सह्याद्रीत उत्तरेकडे जाताना एकेक करून थांबतात, कारण तिकडे पावसाळ्यानंतरचा कोरडा काळ वाढत जातो. वनस्पती कुठून आली, कशी पसरली आणि कुठे थांबली, याचा शोध घेणारे शास्त्र म्हणजे वनस्पतिभूगोल. डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे या शास्त्राचे मराठी अभ्यासक.

त्यांचा जन्म १८८४ साली मालवणचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून ते तिथेच अध्यापक झाले. सुटीत सह्याद्री पालथा घालताना त्यांना सातारा भागातील नदीत गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. तोवर हा गट आफ्रिकेतूनच माहीत होता. त्यामुळे हा शोध जगभर गाजला.

कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाल्यावर ते १९१४ साली जर्मनीला गेले. तेवढ्यात महायुद्ध पेटले. काही काळ स्थानबद्धतेत काढावा लागला, तरी अभ्यास सुटला नाही. वायव्य हिंदुस्थानातील कोरड्या व खाऱ्या जमिनीवरील वनस्पती कशा पसरल्या आणि मूळच्या कुठल्या, या विषयावर त्यांनी बर्लिनमध्ये पीएच.डी. मिळवली. कलकत्त्यात दीर्घकाळ अध्यापन केल्यावर १९४६ साली त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी उभी केली. १९६० मध्ये त्यांचे निधन झाले. आज ही संस्था आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

आघारकरांच्या काळात डीएनए तपासण्याची सोय नव्हती. आज सीमेवरची झाडे जनुकांच्या पातळीवर तपासता येतात. अशा ठिकाणी झाडे थोडी व विखुरलेली असतात, त्यांच्यातील जनुकीय विविधता बऱ्याचदा कमी असते. मात्र कोरडा काळ सोसणारे वाणही तिथेच टिकून असू शकतात. औषधी वनस्पतींत हा फरक फार मोलाचा. सह्याद्रीतल्या नरक्यापासून कर्करोगावरील औषधांसाठी लागणारे कॅम्प्टोथेसिन मिळते. त्याचे प्रमाण झाडागणिक बदलते, आणि त्याच्याच हव्यासापायी नरक्याची चोरटी तोड होते. एका टोकाची झाडे गेली, तर इतरत्र तीच जात उरूनही हे वेगळेपण परत मिळत नाही.