हक्काचा कायदा आणि सरकारी वकील

नुसत्या कायद्याने हक्क पदरी पडत नाही. तो न्यायासनापुढे मांडणारा वकीलही तितकाच व्यासंगी लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र याची साक्ष देते. १९२२ मध्ये बॅरिस्टर होऊन पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबईत वकिली आरंभिली. १९२७ च्या सत्याग्रहानंतर चवदार तळ्याचा दावा उभा राहिला. त्यात ते स्वतः प्रतिवादी होते. बंदीची रूढी अनादि असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयातही अस्पृश्यांचीच बाजू खरी ठरली. दरम्यान १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले होते. १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले.

१९५५ च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणे दंडनीय ठरले आणि पीडिताची बाजू सरकारी वकिलाच्या हाती आली. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार विशेष सरकारी वकिलास सात वर्षांचा अनुभव लागतो. परंतु वर्षे मोजून व्यासंग येत नाही. भेदरलेल्या साक्षीदाराला धीर कसा द्यावा, पुरावा कसा जुळवावा, हे शिकवावेच लागते. या नगरीत १९८१ पासून उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, २०१७ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. शासनाने सरकारी वकिलांचे नियमित अभ्यासवर्ग येथेच भरवावेत.